अंजनीवरचं यंत्र

दाजीपूरच्या रानात, ओढ्याच्या वळणावर,
अंजनीला छातीच्या उंचीवर बांधलं होतं
साबणाच्या डबीएवढं यंत्र.
तासातली दहा मिनिटं ऐकायचं, मग गप्प.
झाडाला काचू नये म्हणून पट्ट्याखाली
बमू येडग्यांनी आपल्या जुन्या पटक्याची चिंधी सारली.
प्रबंधात चिंधी नाही.
तिथं पट्टा आहे, पट्ट्याची रुंदी आहे.

दर पंधरवड्याला मी कोल्हापुरातून यायची,
पहाटेची एसटी, मांडीवर बॅटऱ्या,
जळवांसाठी मोज्यांत तंबाखूची पूड.
बमू फाट्यावर उभे, खांद्यावर घोंगडं,
आणि मधलं सगळं रान तोंडपाठ:
गवे कुठं बसले, शेकरूनं कुठलं घरटं सोडलं,
कुठल्या कोंडीत पाणी उरलंय.
मी विचारायची, वेळ?
"हिरड्याची सावली वाटंवर आल्ती तवा."
मी लिहायची: अंदाजे १७:४०.

रात्री राजारामपुरी आठव्या गल्लीत
खाली कुणाच्या वरातीचा बेंजो,
माझे कान मात्र रानात.
पडद्यावर आवाज दिसतो.
रातकिडे म्हणजे वरची सलग पट्टी,
ओढा म्हणजे तळाचं राखाडी धुकं,
बेडूक म्हणजे टिंबं, मोजता येतील अशी.
आणि सोळा फेब्रुवारीला, तीन वाजून चार मिनिटांनी,
बेडकांनी गप्प असायच्या दिवसांत,
यादीत कुठंच न बसणारा एक आवाज:
टुक्. टुक्. मग लांबवलेलं टुर्रर्र,
शेवटी पाण्यात खडा पडावा तसं काहीतरी.
अशा सहा रात्री.

इंगवले सर म्हणाले, घाई नको.
पण फोनवर त्यांचाही आवाज चढला होता.
मी वहीच्या मागच्या पानावर
नावं लिहून पाहिली, लॅटिन शेपट्या लावून,
आणि पान फाडलं.

मार्चात गेले ती जाळी, डोक्यावरचा दिवा
आणि नमुन्यांच्या बाटल्या घेऊन.
तीन रात्री ओढ्यात पाय गारठवले.
चौथ्या रात्री बमूंनी विडी दगडावर विझवली.
"म्याडम, रागावणार न्हाई न्हवं?
त्यो मीच."

बिबट्याच्या भयानं म्हशींकडं उठायचे,
तर अंजनीवर तांबडा दिवा लुकलुकताना दिसायचा.
"बापडं रातभर कान लावून बसतंय.
उन्हाळ्यात कोण बोलतंय हितं?
रिकामं जाऊ ने म्हणून जरा बोलून जायचो."

मला हसू आलं. मग राग.
मग प्रवासखर्चाच्या पावत्या आठवल्या.
शेवटी विचारलं, हे शिकलात कुठं?
"बेडकाकडनंच की. बारका, हिरवट, पोटाला पिवळा.
वरच्या सड्याखाली झरा हुता, तितं असायचा.
खाण निघाली, पानी तांबडं झालं.
मग न्हाई."
कधी?
"थोरलीच्या लग्नाआधी."

नोंदवहीत लिहिलं:
सहा ध्वनिफिती. स्रोत: मानव. विश्लेषणातून वगळाव्यात.
नियम आहे, आणि बरोबर आहे.
आठवणीतल्या बेडकाची बोटं मोजता येत नाहीत,
त्याच्या पोटाचा पिवळा कुठल्या तक्त्याशी लावायचा?
तरी एकदा, कुणी नसताना,
दोन टुक्‌मधलं अंतर मोजलं.
सहाही रात्री तेच. चाळीस वर्षांनंतर
एका माणसाच्या टाळूवर
एवढं काटेकोर.

एप्रिलात बॅटऱ्या बदलताना
बमूंनी हळूच विचारलं,
"मशिनीला पटलं काय?"
मशीनला पटलं, मी म्हणाले, सरांना नाही.
"मग सरास्नी बलवा. बोलतो त्येंच्याम्होरं."

दिवा लागला.
त्यांनी खोकला गिळला.
मी अर्धी काढलेली बॅटरी
तशीच मुठीत धरून उभी राहिले.